इलिनॉय राज्य जलसर्वेक्षण : भूजलाच्या मोजणीचा आणि महानगरीय नियोजनाचा इतिहास

ज्या मिशिगन सरोवराचा पैलतीर दृष्टीस पडत नाही, त्याच्या काठी वसलेल्या शिकागो नगराच्या परिसरास पाण्याची ददात कधी पडली असेल, ही गोष्ट तिऱ्हाइतास सहसा पटत नाही. परंतु त्या नगराच्या पश्चिमेस व नैर्ऋत्येस गेल्या शतकात जी उपनगरे वाढली, आणि ज्यांच्यापैकी कित्येकांत आज मराठी कुटुंबांचीही वस्ती आहे, त्यांतील अनेकांचा निर्वाह पिढ्यान्‌पिढ्या सरोवराच्या नव्हे, तर भूमीखाली शेकडो फूट खोल असलेल्या वालुकाश्माच्या थरांतील पाण्यावर चालत आला आहे. हे पाणी किती आहे, ते किती वेगाने संपते आणि कोणत्या वर्षी कोणत्या गावाच्या विहिरी निकामी होतील, या प्रश्नांची उत्तरे देण्याचे काम इलिनॉय राज्य जलसर्वेक्षण या संस्थेने अंगावर घेतले. हुकूम काढण्याचा अखत्यार नसलेल्या एका संशोधनसंस्थेने केवळ आपल्या नोंदवह्यांच्या आणि गणिताच्या बळावर एका महानगराच्या पाणीपुरवठ्याची दिशा कशी ठरविली, हाच या इतिहासाचा मुख्य विषय आहे.

स्थापना आणि पहिली साठ वर्षे

1891 साली शिकागोत विषमज्वराने दर लाख वस्तीमागे 174 माणसे दगावली. नगराचे सांडपाणी ज्या नदीवाटे सरोवरात मिसळत होते, त्याच सरोवरातून नगराचे पिण्याचे पाणी घेतले जात होते; आणि राज्यातील इतर गावांची स्थितीही फारशी निराळी नव्हती. अशा काळात, 1895 साली, अर्बाना येथील इलिनॉय विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात प्राध्यापक आर्थर विल्यम पामर यांनी राज्यातील पाण्यांच्या रासायनिक परीक्षणास आरंभ केला, आणि दोन वर्षांनी विधिमंडळाने या उपक्रमास रीतसर मंजुरी दिली. गावोगावच्या विहिरींचे व नद्यांचे नमुने तपासून त्यांचे निष्कर्ष तारखेवार नोंदून ठेवण्याची जी शिस्त पामर यांनी घालून दिली, तीच पुढे या संस्थेचा स्वभाव बनली.

2 जानेवारी 1900 रोजी शिकागोच्या नव्या कालव्यात पाणी सोडण्यात आले, शिकागो नदीचा ओघ सरोवराकडून उलट फिरला आणि नगराचा मैला इलिनॉय नदीवाटे मिसिसिपीकडे वाहू लागला. खालच्या अंगास असलेल्या मिसुरी राज्याने तत्काळ सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. तो 1906 साली न्यायमूर्ती होम्स यांच्या निकालपत्राने इलिनॉयच्या बाजूने लागला. इलिनॉय नदीच्या पाण्याची पामर यांनी कालव्याच्या आधी व नंतर करविलेली परीक्षणे नेमकी या वादाच्या गाभ्याशी निगडित होती. पाण्याविषयीचा राज्याराज्यांतील कज्जा शेवटी नोंदींच्या आधारेच तोलला जातो, हा धडा संस्थेस तिच्या बाल्यावस्थेतच मिळाला. मात्र पामर तो निकाल पाहण्यास उरले नाहीत, त्यांचे 1904 साली निधन झाले.

त्यांच्यानंतर 1905 साली संस्थेची सूत्रे एडवर्ड बार्टो यांच्याकडे आली. सांडपाण्यात हवा खेळवून सजीव गाळाच्या साहाय्याने ते शुद्ध करण्याची जी पद्धती इंग्लंडात मँचेस्टर येथे नुकतीच सिद्ध झाली होती, ती बार्टो यांनी 1914 साली तेथे जाऊन पाहिली आणि लगेच अर्बाना येथे तिचे प्रयोग सुरू केले. 1917 साली राज्यकारभाराची पुनर्रचना झाली तेव्हा जलसर्वेक्षण हे राज्याच्या नोंदणी व शिक्षण खात्याचा एक विभाग झाले. विद्यापीठाच्या आवारातील निवास मात्र कायम राहिला. 1920पासून 1956पर्यंत आर्थर बसवेल हे प्रमुख होते. त्यांच्या कारकिर्दीत संस्थेचे लक्ष पाण्याच्या गुणाकडून त्याच्या परिमाणाकडेही वळले. पिओरिया येथे कारखान्यांच्या उपशाने भूजल खालावू लागले, तेव्हा नदीचे पाणी खड्ड्यांवाटे भूमीत मुरविण्याचे प्रयोग संस्थेचे अभियंते मॅक्स सुटर यांनी केले. कार्यक्षेत्र विस्तारतच होते : 9 एप्रिल 1953 रोजी पर्जन्यमापनासाठी वापरात असलेल्या संस्थेच्या रडारवर टॉर्नेडोची आकडीसारखी प्रतिमा प्रथमच टिपली गेली, ही गोष्ट हवामानशास्त्राच्या इतिहासात नमूद आहे.

पाताळातील पाण्याची स्थिती

संस्थेने पुढे जे कार्य केले त्याचे मर्म ध्यानी यावे यासाठी शिकागो परिसराच्या भूगर्भाची थोडी ओळख करून घेणे आवश्यक आहे. सर्वांत वर हिमयुगात साचलेल्या वाळू-गोट्यांचे थर आहेत. त्यांखाली डोलोमाइट हा चुनखडीचा आप्त असलेला खडक आहे. त्याखाली माकोकेटा नावाचा शेलचा जाड, जवळजवळ अभेद्य थर आहे. आणि त्याच्याही खाली सेंट पीटर व आयर्नटन-गेल्सव्हिल हे वालुकाश्म आहेत, ज्यांत या प्रदेशाचे खोल पाणी साठलेले आहे. आणखी खोल गेल्यास माउंट सायमन वालुकाश्म लागतो, परंतु त्यातील पाणी खोलीबरोबर खारट होत जाते. खोल वालुकाश्मांत जे पावसाचे पाणी मुरते, ते मुख्यत्वे बऱ्याच दूर पश्चिमेस व वायव्येस, जेथे शेलचे झाकण नाही अशा उत्तर-मध्य इलिनॉय व दक्षिण विस्कॉन्सिनच्या मुलुखात मुरते. शिकागोखाली वरून झिरपणारे पाणी अत्यल्प असते.

1864 साली शिकागोत 711 फूट खोल विहीर खणली गेली, तेव्हा या थरांतील पाण्याचा दाब इतका होता की पाणी कोणत्याही यंत्रावाचून उसळून भूमीच्या वर आले. मग कत्तलखाने, पोलादाचे कारखाने, रेल्वेची आगारे व उपनगरे यांनी शेकडो विहिरी पाडल्या आणि तो दाब ओसरत गेला. 1980च्या सुमारास शिकागो परिसरात ही पातळी मूळच्या मानाने सुमारे 900 फूट खाली गेली होती.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण पुढील सर्व नियोजन त्यावर उभे आहे. झाकलेल्या थरातील विहिरीची पातळी शेकडो फूट उतरली म्हणून खडक रिता झाला असे होत नाही. तोवर केवळ दाब घटलेला असतो आणि खडकाची रंध्रे पाण्याने भरलेलीच असतात. परंतु पातळी खडकाच्या माथ्याच्याही खाली गेली म्हणजे खुद्द खडक कोरडा होऊ लागतो, विहिरीचे उत्पन्न झपाट्याने घटते आणि पाण्याचे रासायनिक गुणही पालटू शकतात. पहिली अवस्था खर्चाची आहे, दुसरी संकटाची. एखादे गाव या दोन अवस्थांच्या मध्ये नेमके कोठे उभे आहे, हे विहिरीच्या तोंडाशी उभे राहून कळत नाही. त्यासाठी मोजणी आणि गणित दोन्ही लागतात.

समीकरणांपासून संगणकापर्यंत

1956 साली विल्यम अॅकरमन प्रमुख झाले. त्यानंतरची दोन दशके भूजलशास्त्राच्या दृष्टीने संस्थेचे सुवर्णयुग म्हणावे अशी होती. विहिरीतून पाणी उपसले असता भोवतालची पातळी काळानुसार कशी उतरते याचे सूत्र अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षणातील थाइस यांनी 1935 सालीच मांडले होते. परंतु ते सूत्र अनंत विस्ताराच्या एकजिनसी थरास लागू पडणारे होते, आणि असा थर निसर्गात कोठेच नाही. विल्यम वॉल्टन यांनी गळक्या झाकणाच्या थरांचे आणि मर्यादित विस्ताराच्या थरांचे गणित व्यवहारोपयोगी केले. त्यांचे 1962 सालचे 49वे बुलेटिन हे विहिरींच्या व जलधर थरांच्या परीक्षेचे प्रमाणग्रंथच ठरले.

याच सुमारास, 1959 साली, राज्याच्या भूगर्भ सर्वेक्षणाच्या सहकार्याने संस्थेने शिकागो प्रदेशाच्या भूजलाविषयीचा प्राथमिक अहवाल प्रसिद्ध केला. त्याच्या कर्त्यांत सुटर, वॉल्टन आणि भूगर्भ सर्वेक्षणाचे बर्गस्ट्रॉम हे होते. खोल वालुकाश्मांतून दीर्घकाळ निर्धास्तपणे उपसता येईल असे पाणी प्रतिदिनी सुमारे 4 कोटी 60 लाख गॅलन आहे, असा अंदाज या अहवालाने मांडला, आणि तत्कालीन उपसा या मर्यादेच्या उंबरठ्यावर येऊन ठेपला असल्याचेही दाखवून दिले. 1976 सालच्या अहवालाने विहिरींची फेरमांडणी गृहीत धरून हा अंदाज 6 कोटी 50 लाखांवर नेला. आकडा बदलला म्हणून संस्थेची विश्वसनीयता उणावली नाही. कारण प्रत्येक अंदाजाबरोबर त्याची गृहीतके छापलेली होती आणि ज्यास हिशेब पडताळावयाचा असेल त्यास तो पडताळता येत होता.

दरम्यान गणिताचे साधनही पालटत होते. 1960च्या दशकाच्या आरंभी वॉल्टन व टॉमस प्रिकेट यांनी विद्युत् रोधक आणि धारित्रे यांचे विस्तीर्ण जाळे गुंफून भूगर्भाची प्रतिकृती तयार केली. त्या जाळ्यातील विद्युद्दाब म्हणजे पाण्याची पातळी, विद्युत्प्रवाह म्हणजे पाण्याचा प्रवाह आणि धारित्रातील भार म्हणजे खडकातील साठा, असा संकेत ठरवून एखाद्या बिंदूतून प्रवाह खेचला की तेथे विहीर खणल्याचा परिणाम मोजता येई. परंतु प्रत्येक नव्या प्रदेशासाठी नवे जाळे जोडावे लागे. म्हणून प्रिकेट व कार्ल लॉनक्विस्ट यांनी हेच काम अंकीय संगणकाकडून करून घेण्याची रीत सिद्ध केली आणि 1971 साली 55व्या बुलेटिनात तिचे संपूर्ण कार्यक्रम फोर्ट्रान भाषेत छापून जगास खुले केले. भूजलाचे प्रतिमान तोपर्यंत मोजक्या प्रयोगशाळांपुरते मर्यादित होते. या पुस्तिकेमुळे ते सामान्य अभियंत्याच्या मेजावर आले. पुढे अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षणाने 1980च्या दशकात मॉडफ्लो हा कार्यक्रम प्रसिद्ध केला आणि तो सर्वत्र रूढ झाला. परंतु त्याच्या पूर्वसूरींत या पुस्तिकेची गणना करावीच लागते.

प्रतिमानाची रचना सांगावयाची तर अशी : भूगर्भाचे थरांत आणि चौकोनांत विभाजन करावयाचे, प्रत्येक चौकोनास खडकाची पारगम्यता व साठवणक्षमता नेमून द्यावयाची, सरहद्दीवर पाणी कोठून येते, कोठे अडते हे ठरवावयाचे, विहिरींचा उपसा जेथल्या तेथे नोंदवावयाचा, आणि मग प्रत्येक चौकोनात आलेले पाणी, गेलेले पाणी व साठ्यातील फरक यांचा मेळ बसेपर्यंत गणित चालवावयाचे. या गणिताने काढलेल्या पातळ्या प्रत्यक्ष मोजलेल्या पातळ्यांशी जुळेपर्यंत खडकाचे गुणांक सुधारीत जाणे हे सर्वांत कष्टाचे काम होय. भूतकाळ ज्यास बिनचूक सांगता येत नाही अशा प्रतिमानास भविष्य विचारण्यात अर्थ नाही. आणि भूतकाळ सांगण्यासाठी भूतकाळाच्या नोंदी हव्यात.

नेमक्या याच ठिकाणी जलसर्वेक्षणाच्या जुन्या चिकाटीचे फळ मिळाले. 1950च्या दशकाच्या अखेरीपासून संस्थेचे क्षेत्रकर्मचारी खोल विहिरींच्या पातळ्या ठराविक मुदतीने मोजीत आले. विहिरीत कायम सोडलेल्या बारीक नळीत हवा दाबून, ती हवा नळीच्या तळातून बाहेर पडण्यास किती दाब लागतो त्यावरून पाण्याची पातळी काढावयाची, हे काम वरकरणी नीरस. परंतु नगरपालिकांच्या व कारखान्यांच्या शेकडो विहिरींवर ते वर्षानुवर्षे होत राहिले. 1978पासून पाणीवापराची राज्यव्यापी मोजदादही सुरू झाली. यंत्र बदलले, गणित बदलले, अधिकारी निवृत्त झाले; नोंदवहीतील रकाने मात्र रिते राहिले नाहीत.

सरोवराचा हिस्सा आणि उपशास लगाम

गणिताने दाखविलेले संकट टाळावयाचे तर पर्यायी पाणी हवे, आणि ते सरोवरातच होते. परंतु सरोवर एकट्या इलिनॉयचे नाही. विस्कॉन्सिन व इतर शेजारी राज्यांच्या दाव्यावर सर्वोच्च न्यायालयाने प्रथम 1930 साली आणि नंतर 1967 साली इलिनॉयने किती पाणी वळवावे याची मर्यादा घातली. 1967च्या हुकुमाप्रमाणे हा हिस्सा प्रतिसेकंदास 3,200 घनफूट असून पिण्याचे पाणी, कालव्यातील प्रवाह व सरोवराकडून वळविलेले पावसाचे पाणी हे सर्व त्यातच मोजले जाते. 1980 साली त्या हुकुमात दुरुस्ती होऊन सरासरी काढण्याची मुदत चाळीस वर्षांपर्यंत वाढविण्यात आली, आणि त्यामुळे ज्यांच्या विहिरी खालावल्या होत्या अशा उपनगरांना सरोवराचे पाणी मंजूर करण्यास राज्यास वाव मिळाला.

परिणाम लवकरच दिसून आला. खोल थरांतील उपसा 1979 साली प्रतिदिनी सुमारे 18 कोटी 30 लाख गॅलन या शिखरास पोचला होता, म्हणजे निर्धास्त मर्यादेच्या जवळजवळ तिप्पट. उपनगरे एकामागून एक सरोवराकडे वळली. ड्यूपेज परगण्याच्या जल आयोगाचा पुरवठा 1992 साली सुरू झाला. आणि 1994 साली खोल उपसा सुमारे 6 कोटी 70 लाख गॅलनांवर आला. शिकागोनजीक कित्येक ठिकाणी पातळी शेकडो फूट वर चढली. ज्या प्रतिमानाने ऱ्हास सांगितला होता, त्याच धर्तीच्या गणिताने ही भरपाईही पडताळून पाहिली. मात्र नैर्ऋत्येकडे, जेथे सरोवराचे नळ पोचले नव्हते, तेथे घट चालूच राहिली.

प्रादेशिक नियोजनाचे पर्व

एकविसाव्या शतकाच्या आरंभी केन परगण्याने आपल्या पाण्याचा साकल्याने अभ्यास करण्याचे काम जलसर्वेक्षण व भूगर्भ सर्वेक्षण या दोन भगिनीसंस्थांकडे सोपविले. त्यातून, 2009 साली प्रसिद्ध झालेले जे प्रतिमान सिद्ध झाले, ते एका परगण्यापुरते राहूच शकत नव्हते. ज्या पाण्याचे मूळ दूरच्या मुलुखात आहे, त्याचा हिशेब परगण्याच्या हद्दीत मावत नाही. म्हणून शेजारच्या राज्यांपर्यंत पसरलेले स्थूल प्रतिमान आणि त्याच्या पोटात केन परगण्याचे सूक्ष्म प्रतिमान, अशी त्याची दुहेरी रचना करण्यात आली.

याच वेळी, जानेवारी 2006मध्ये, गव्हर्नर ब्लागोयेविच यांनी पाणीपुरवठ्याच्या प्रादेशिक नियोजनाविषयी आदेश काढला. त्यानुसार ईशान्य इलिनॉयच्या अकरा परगण्यांसाठी नगरपालिका, शेतकरी, उद्योग, पर्यावरणवादी अशा निरनिराळ्या हितसंबंधांच्या प्रतिनिधींचा एक नियोजनगट स्थापन झाला, आणि शिकागो महानगर नियोजन संस्थेने त्याचे कामकाज चालविले. 2050पर्यंतच्या मागणीचे तीन पर्याय कल्पिले गेले : चालू रीत तशीच राहिल्यास, काटकसर केल्यास आणि उधळपट्टी वाढल्यास. हे तीनही पर्याय जलसर्वेक्षणाच्या प्रतिमानात घालून प्रत्येकाचा थरांवर होणारा परिणाम काढण्यात आला. भविष्याविषयी एकच ठाम आकडा न सांगता निवडीचे परिणाम शेजारीशेजारी मांडून दाखविणे, ही या कामाची खरी शहाणीव होती. मार्च 2010मध्ये प्रसिद्ध झालेली प्रादेशिक जलयोजना आणि 2012 सालचा संस्थेचा विस्तृत अहवाल ही त्याची फळे होत. उथळ थरांच्या पाण्याकडेही याच काळात लक्ष वेधले गेले; हिवाळ्यात रस्त्यांवर टाकल्या जाणाऱ्या मिठामुळे उपनगरांच्या उथळ विहिरींतील क्लोराइडचे प्रमाण दशकानुदशके वाढत असल्याचे संस्थेने आपल्या जुन्या परीक्षणांवरूनच दाखविले.

मध्यंतरी, 2008 साली, संस्था राज्यशासनाच्या खात्यातून पुन्हा इलिनॉय विद्यापीठाकडे आली.

जॉलिएटचा निर्णय

2014 साली झालेल्या मोठ्या मोजणीवरून 2015 साली जो अहवाल प्रसिद्ध झाला, त्याने नैर्ऋत्येकडील जॉलिएट नगराचा प्रश्न ऐरणीवर आणला. वर सांगितलेली दुसरी अवस्था येथे प्रत्यक्ष दिसू लागली होती : सेंट पीटर वालुकाश्म स्वतःच काही भागात रिता होऊ लागला होता. भरीस भर म्हणजे सँडविच नावाचा भूस्तरभंग या परिसरात बाजूने येणाऱ्या पाण्यास अडथळा करतो, आणि खोल पाण्यातील नैसर्गिक रेडियम काढून टाकण्याचा भार नगरावर आधीपासूनच होता. 2030च्या सुमारास नगराच्या विहिरी कमाल मागणी पुरी करू शकणार नाहीत, हा प्रतिमानाचा निष्कर्ष नगरपालिकेने गंभीरपणे घेतला. नदीच्या पाण्यासह अनेक पर्यायांची छाननी होऊन जानेवारी 2021मध्ये शिकागोकडून सरोवराचे शुद्ध केलेले पाणी विकत घेण्याचे ठरले, आणि पुढे जॉलिएटसह सहा गावांनी मिळून ग्रँड प्रेरी जल आयोग स्थापन केला. 2030 साली हे पाणी पोचावे अशी योजना आहे.

हा निर्णय खर्चिक आहे आणि त्याचा भार पाणीपट्टीवाटे नागरिकांवरच पडणार आहे. म्हणूनच तो ज्या आधारावर घेतला गेला, त्या आधाराची विश्वसनीयता महत्त्वाची ठरते. इलिनॉयमध्ये भूजलाचा वाजवी वापर करण्याचा हक्क भूमिधारकास आहे. उपसा बंद करा असे फर्माविण्याची सत्ता जलसर्वेक्षणास कधीही नव्हती व आजही नाही. गावे वळली ती दंडाच्या भयाने नव्हे, तर ज्या विहिरींच्या नोंदी त्यांनी स्वतःच संस्थेस दिल्या होत्या, त्यांचाच अर्थ लावून मांडलेले गणित त्यांना खोडता आले नाही म्हणून.

पुढील कर्तव्य

जॉलिएट व शेजारची गावे सरोवराकडे वळल्यानंतर त्यांच्या विहिरींखालील पातळी वर येऊ लागेल. किती आणि किती काळात, हे नव्या मोजणीने ठरेल. जी गावे व जे उद्योग खोल थरांवरच अवलंबून राहतील, त्यांच्या वाट्याला ही भरपाई किती येते, हेही तपासावे लागेल. सरोवराचा हिस्सा न्यायालयाने मर्यादित केलेला असल्यामुळे प्रत्येक गावास तो पर्याय उपलब्ध असणार नाही, आणि म्हणून उथळ थर, नद्या व काटकसर यांचा एकत्रित विचार करणारे प्रतिमान हीच पुढील गरज आहे. पामर यांच्या प्रयोगशाळेपासून आजवर संस्थेचे नाव, खाते, साधने आणि विषय अनेकदा बदलले. न बदललेली गोष्ट एकच, ती म्हणजे आधी मोजावयाचे, मोजलेले प्रसिद्ध करावयाचे आणि मगच सल्ला द्यावयाचा, हा क्रम. ज्या महानगरांना आपल्या पायाखालच्या पाण्याचे नियोजन करावयाचे असेल, त्यांनी या संस्थेकडून संगणकाचे कार्यक्रम घ्यावेतच. परंतु त्याआधी विहिरींच्या मोजणीसाठी कायमची माणसे आणि कायमची तरतूद ठेवण्याची तिची रीत घ्यावी, कारण चाळीस वर्षांपूर्वी न घेतलेली नोंद कोणताही संगणक आज घेऊ शकत नाही.